मूळ कारण : मी

शुक्रवारी संध्याकाळी बॅकअप बिघडल्याचा मेल आला. त्यात 'रूट कॉज' नावाचा रकाना, त्यात 'ह्यूमन एरर', आणि पुढे माझं नाव. बॅकअपचा प्रोग्रॅम टीम लीडनं लिहिलेला, त्याच्याच मॅकवर तपासलेला. सर्व्हरवर मी तो फक्त चालवला. पण सर्व्हरला झापता येत नाही, त्यामुळे ह्यूमन मी. शनिवारी येऊन निस्तरा.

शनिवारी ठाण्याहून पनवेल गाडीत खिडकी मिळाली. लॅपटॉप उघडला, तर शेजारचे सफारीतले काका स्क्रीनमध्ये डोकं घालून म्हणाले, "काय बिघडलंय?"

अशा वेळी 'काही नाही' म्हणायचं असतं. पण कालपासून हे कोणी विचारलंच नव्हतं.

"काका, एकाच फाइलला दोन नावं देता येतात. एक पुसलं तरी दुसऱ्या नावानं फाइल शाबूत. ही हार्ड लिंक."

"सातबारा. खातेदार दोन, जमीन एकच. पुढे?" काका भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले.

"सिम्बॉलिक लिंक म्हणजे नुसता पत्ता लिहिलेली चिठ्ठी. मूळ फाइल उडाली की चिठ्ठी आहे, जागेवर काही नाही."

"असे उतारे ढिगानं पाहिलेत. पुढे?"

"आता या चिठ्ठीला हार्ड लिंक करायला सांगितली, तर मॅक पत्त्यावर जाऊन मूळ फाइलला नवं नाव देतो. आमच्या सर्व्हरवरचं लिनक्स चिठ्ठीलाच देतं. रात्री जुनं फोल्डर साफ झालं. मॅकवर असतं तर फाइल वाचली असती, सर्व्हरवर बॅकअपच्या नावानं चिठ्ठ्या उरल्या."

काकांनी चष्मा काढून पुसला. "नियम काय म्हणतो?"

हा प्रश्न आमच्या पूर्ण मीटिंगमध्ये एकालाही सुचला नव्हता. मी सांगितलं, अशा सिस्टीमनी कसं वागावं याचं पॉझिक्स नावाचं मानक आहे. 2001 च्या आवृत्तीप्रमाणे मूळ फाइलपर्यंत जायला हवं.

"मग लिनक्सवाले चुकले."

"ते 2.0 आवृत्तीपासूनच जात नाहीत. म्हणजे 1996."

"नोटीस काढली?"

"नाही. 2008 मध्ये मानकच बदललं. ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं."

गाडी नेमकी दिघा गावात उभी होती. (हे स्टेशन बांधून तयार असूनही उद्घाटनाची वाट बघत बसलं होतं, 2024 च्या जानेवारीत एकदाचं सुरू झालं. तिथे मात्र ह्यूमन एररच्या रकान्यात कोणाचं नाव लागल्याचं ऐकिवात नाही.) काकांनी बाहेरच्या अनधिकृत इमारतींकडे बोट केलं आणि इतक्या मोठ्यानं हसले की समोरच्या बाईंनी पोह्यांचा डबा मिटला. "अहो, नियमित केलं म्हणा की! आधी बांधा, मग नियमित करा!"

"पण त्याच वेळी लिंकअ‍ॅट नावाचा वेगळा कॉलही, म्हणजे सिस्टीमला द्यायची आज्ञा, आणला. त्यात झेंडा, म्हणजे फ्लॅग, लावून सांगता येतं की मूळ फाइलच धर. मग मॅक असो की लिनक्स, दोघंही मुकाट्यानं ऐकतात."

"तुमच्या साहेबांनी का नाही लावला?"

"त्यांच्या मॅकवर चालत होतं."

"मग रकान्यात तुमचं नाव का?"

मी गप्प. काकांनी खिशातून पेन काढलं आणि पेपराच्या कोऱ्या कडेवर लिहायला घेतलं. "हरकत अर्ज करा. विषय: रूट कॉज या रकान्यातील चुकीच्या नोंदीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये... मॅकचा नंबर काय? नसेल तर 'साहेबांचा' लिहा. फेरफाराला हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, उशीर करू नका. आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं असं म्हणाल तर मेलात."

'पोच'खाली दुहेरी रेघ मारून त्यांनी मान वर केली तेव्हा घणसोलीही मागे पडली होती.

"अहो! मला रबाळ्याला उतरायचं होतं! तुमच्यामुळे गेलं!"

एका आठवड्यात दुसऱ्यांदा.

ऑफिसात जाऊन झेंडा लावला. एक ओळ, आणि ती शोधायला अख्खी शुक्रवारची रात्र. लीडनं अंगठा पाठवला आणि 'आता मॅकवर पण बघून घेतो' असं कळवलं. शनिवारच्या बदली सुट्टी, म्हणजे कॉम्प-ऑफ मागितला तर उत्तर आलं की स्वतःच्या चुकीच्या दुरुस्तीला कॉम्प-ऑफ मिळत नाही, रूट कॉज पाहा.