क्लायंट शोधण्याआधी आपल्याच कामातल्या चार जणी शोधा

"ताई, क्लायंट कुठून मिळतात?" घरून व्हर्च्युअल असिस्टंटचं, म्हणजे व्हीएचं, काम सुरू करणाऱ्या मुली मला मेसेज करतात, त्यात हा प्रश्न ठरलेला असतो. माझं उत्तरही ठरलेलं आहे आणि बऱ्याच जणींना ते पटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. क्लायंट शोधायला निघण्याआधी हेच काम करणाऱ्या चार जणी शोधा. त्यांच्याशी ओळख वाढवा, त्यांना आपला दर सांगा, त्यांचा विचारा.

"पण त्या तर आपल्या कॉम्पिटिशन ना?" हा लगेच पुढचा प्रश्न.

नाहीत. आमच्या कामाचं स्वरूपच तसं नाही. कुणाचे मेल बघायचे, कॅलेंडर सांभाळायचं, तिकिटं काढायची, इन्व्हॉइस पाठवायचे, सीएला महिन्याची बिलं गोळा करून द्यायची. असे तीन-चार क्लायंट झाले की एका बाईचा दिवस भरतो. पाचवा घेतला तर हातातले चार बिघडतात. म्हणजे जिचं काम चांगलं चाललंय, तिला अधूनमधून कुणाला तरी "सध्या जमणार नाही" म्हणावंच लागतं. अशा वेळी समोरचा हमखास विचारतो, "मग दुसरं कुणी आहे का ओळखीचं?" त्या क्षणी तिला तुमचं नाव आठवलं पाहिजे. माझ्याकडे आज असलेलं बरंचसं काम या एका प्रश्नातून आलंय.

शिवाय सगळ्या व्हीए सारख्या नसतातच. आम्हा व्हीए मैत्रिणींच्या गटातली एक टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तयार आहे. एक ऑनलाइन दुकानांची प्रॉडक्ट लिस्टिंग करते. एकीचं गुजराती इतकं छान आहे की मस्जिद बंदरचे व्यापारी तिच्याशीच फोनवर बोलायला बघतात. मला इंग्रजी पत्रव्यवहार आणि प्रवासाची आखणी जमते, टॅली जमत नाही. टॅलीचं काम आलं की मी ते तिच्याकडे पाठवते, आणि परदेश दौऱ्याचं काम आलं की ती माझं नाव सांगते.

घरच्यांकडून, नातेवाइकांकडून काम का येत नाही, याचंही वाईट वाटून घेऊ नका. ते आपल्यावर प्रेम करतात, पण त्यांच्या आणि आपल्या ओळखी त्याच त्याच. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांचा अभ्यास केला होता. बहुतेकांना ती खबर जवळच्या मित्राकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या, तोंडओळखीच्या माणसाकडून मिळालेली होती. त्याने हे 1973 साली मांडलं, तेव्हा आमचं हे कामही नव्हतं. पण विरारची एखादी व्हीए सख्ख्या मावसभावापेक्षा जास्त उपयोगी का पडते, ते मला त्यावरून नीट कळलं.

नेटवर्किंगचे क्लब वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब उभा केला, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एकमेकांना काम मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांचा बीएनआय हा क्लब तर 1985 साली अमेरिकेत सुरू झाला आणि आज जगभर चालू आहे. फी आणि वेळ परवडत असेल तर जरूर जा, क्लायंट भेटतील. पण बीएनआयचा नियम लक्षात घ्या: एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सभासद. म्हणजे तिथे तुम्हाला दुसरी व्हीए भेटणारच नाही. तुम्ही तापाने फणफणलात तर तुमचं काम कोण बघणार, अमुक कामाला किती पैसे मागावेत, हे तिथल्या इंटिरियर डिझायनरला कसं विचारणार? त्यासाठी आपलीच माणसं लागतात.

गेल्या मार्चची गोष्ट सांगते. नालासोपाऱ्याच्या मैत्रिणीला आईच्या ऑपरेशनसाठी एका रात्रीत रत्नागिरीला निघावं लागलं. तिचा क्लायंट लंडनचा, त्याचा भागीदार न्यूयॉर्कचा आणि दर आठवड्याला दोघांचा कॉल. तिने गाडीत बसून मला एक शीट शेअर केली. कोणता मेल लगेच पुढे पाठवायचा, कोणता संध्याकाळपर्यंत थांबवायचा, भागीदाराला नावाने हाक मारलेली चालते पण त्याच्या अकाउंटंटला चालत नाही, इतकं बारीक लिहिलेलं. पासवर्ड त्यात नव्हते, ते पासवर्ड मॅनेजरमधून वेगळे दिले होते. आणि एक ओळ लाल रंगात: "मार्चचा दुसरा ते शेवटचा रविवार, कॉलची वेळ हाताने तपासणे." कारण उन्हाळ्यासाठी अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, इंग्लंडची शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाच तासांऐवजी चार तासांचं होतं. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असलेला कॉल न्यूयॉर्कच्या सकाळी नवाला बांधलेला, त्यामुळे तो आपल्या साडेसहाला आणि लंडनच्या दोनऐवजी एकला येतो. लंडनच्या साहेबांची त्या वेळी दुसरी मीटिंग लागलेली होती. मी ती आदल्या दिवशी हलवली. क्लायंटला काही जाणवलंसुद्धा नाही.

ती परतली तेव्हा तिचा क्लायंट तिच्याकडे परत गेला. त्या दिवसांचं बिल मी तिला दिलं, तिने ते चुकतं केलं. क्लायंटशी मी थेट पैशांचं बोलले नाही, आणि पुढेही बोलणार नाही. आमच्या गटात हा एक नियम फार कडक आहे: दुसरीचा क्लायंट सांभाळायला घेतला तरी तो तिचाच. हे पाळलं नाही तर आजारपणातही कुणी कुणाला काम सोपवणार नाही.

आता दराबद्दल. आपल्याकडे पगार विचारणं अशिष्ट मानतात आणि तीच सवय आपण धंद्यात आणतो. त्याचा फायदा फक्त समोरच्याला होतो. तो तुम्हाला सांगतो, "दुसरी यापेक्षा कमीत करते," आणि ती दुसरी कोण, खरंच आहे का, हे तुम्हाला कधीच कळत नाही. अपवर्कसारख्या फ्रीलान्स कामाच्या वेबसाइटवर तर प्रपोजल पाठवायला कनेक्ट्स नावाची टोकन लागतात, वर मिळालेल्या पैशांतून कमिशन जातं, आणि तिथेही मुली एकमेकींपेक्षा खाली उतरत राहतात. आपल्याला पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आरोग्य विमा आपल्या खिशातून, लॅपटॉप आणि इंटरनेट आपलं. हे सगळं त्या तासाच्या दरातूनच निघायचं असतं. आम्ही एकमेकींना दर उघड सांगायला लागलो तेव्हा सगळ्यात कमी घेणाऱ्या दोघींनी पुढच्याच रिटेनरला, म्हणजे दरमहा बांधलेल्या कामाला, दर वाढवून मागितले, आणि दोघींनाही मिळाले.

थकलेल्या पैशांचं ज्ञानही मला गटातूनच मिळालं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. 1 जुलै 2020 पासून ती ऑनलाइन आहे, आधार आणि पॅन पुरतं, फी शून्य. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असेल तरी पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आता आयकरातही तरतूद आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या कंपनीला तो खर्च वजा करता येत नाही. परदेशी क्लायंटवर हे चालत नाही, तिथे अ‍ॅडव्हान्स हाच उपाय. पण अंधेरीच्या एका ऑफिसने आमच्या एकीला महिनोन् महिने "पुढच्या आठवड्यात" म्हणून लटकवलं होतं. तिने उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांचा उल्लेख करून शांतपणे मेल टाकला, तेव्हा अकाउंट्सवाल्यांनी स्वतःहून फोन केला.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरही होतं, तरी आम्ही भेटतोच. शनिवारी दुपारी, दादरला. वेस्टर्नवाल्या आणि सेंट्रलवाल्या थेट उतरतात, पनवेलची कुर्ल्याला गाडी बदलून येते. दिवसभर घरात स्क्रीनसमोर एकटं बसून काम करणाऱ्या बाईला आपल्या कामातलं कुणीतरी समोर बसलेलं हवं असतं. दर सांगायचं धाडस फोनवर होत नाही, समोरासमोर होतं, हा आमचा अनुभव.

पुढच्या भेटीत आम्ही कराराचा एक साधा नमुना बनवणार आहोत: कामाची यादी, जास्तीच्या तासांचा दर, पैसे कधी, नोटीस किती दिवसांची. ज्यांना यायचंय त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा. नवीन असाल तरी या. येताना आपला एखादा जुना इन्व्हॉइस घेऊन या, क्लायंटचं नाव खोडून, पण रक्कम तशीच ठेवून.