नाजा हिग्लचं सुवर्ण सूटने जिंकलेलं नाही

पोहणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, ‘सूटने जिंकलेली जगज्जेती’ नावाचा. विषय सर्बियाची नाजा हिग्ल, 2009 साली रोमला 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकची (बेडकासारखे हातपाय मारत पोहण्याचा प्रकार, बोलताना नुसतं ‘ब्रेस्ट’) विश्वविजेती झालेली. फॉरवर्डचं म्हणणं असं: सर्बियात धड तलाव नव्हते, त्यामुळे ती बॉम्बहल्ल्यांच्या काळात रिकाम्या तलावात सराव करायची. रोमला तिला प्लास्टिकच्या सूटने सुवर्ण मिळवून दिलं. रेबेका सोनीसारखी खरी चॅम्पियन समोर नव्हतीच. आणि 2010 मध्ये सूटवर बंदी येताच बाई पोहणं सोडून घरी बसल्या.

हे माझ्या भाचीपर्यंत पोचलं. ती स्वतः 200 ब्रेस्ट मारते आणि हिग्लची ती फायनल तिने कितीदा तरी पाहिली आहे. ‘मावशी, म्हणजे ते मेडल खोटंच ना?’ असं तिने विचारलं तेव्हा माझं डोकं सणकलं.

सूटचा मुद्दा आधी घेते, कारण सगळं विष तिथे आहे. त्यातलं अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करते. 2009 हे पॉलियुरेथेनच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या सूटचं वर्ष होतं. ते सूट अंग आवळून धरायचे आणि शरीर पाण्यात वर ठेवायला मदत करायचे. रोमच्या त्या एका स्पर्धेत 43 विश्वविक्रम झाले. शेवटी जागतिक संघटनेने 1 जानेवारी 2010 पासून ते बंद केले आणि मुलींसाठी फक्त कापडी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा सूट, असा नियम आणला. योग्यच केलं. हिग्लच्या 2:21.62 या वेळेतही सूटचा वाटा असणार, ते कोणी नाकारत नाही.

पण ते सूट घालायची मुभा एकट्या हिग्लला होती का? फायनलमधल्या आठही जणींना होती. सगळ्यांनाच मदत मिळत असेल तर सगळ्यांचीच वेळ सुधारेल. पहिली कोण येणार, हे त्यातून कसं ठरतं?

लिहिणाऱ्याने 31 जुलै 2009 च्या त्या फायनलच्या निकालाचा कागद एकदा जरी उघडला असता तरी भागलं असतं. हिग्ल 2:21.62. कॅनडाची अॅनामे पियर्स 2:21.84. ऑस्ट्रियाची मिर्ना युकिच 2:21.97. पहिलीपासून तिसरीपर्यंत 35 शतांश सेकंदांचं अंतर. आता आदल्या दिवशीच्या सेमीचा निकाल बघा. याच पियर्सने याच तलावात 2:20.12 असा विश्वविक्रम केला होता. बाई तीच, तलाव तोच, सूटचा काळ तोच, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्याच वेळेच्या 1.72 सेकंदांनी मागे. सूटच शर्यत जिंकून देत असता तर सुवर्ण पियर्सच्या गळ्यात असतं.

आता सोनी. ‘समोर नव्हतीच’ हे धडधडीत खोटं आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधली 200 ब्रेस्टची सुवर्णविजेती सोनी या फायनलमध्ये होती, आणि त्याच आठवड्यात रोमलाच 100 मीटरचं सुवर्ण तिने घेतलं होतं. ती सुरुवातीपासून झपाट्याने निघाली, शेवटच्या टर्नपर्यंत पुढे होती, आणि शेवटच्या 50 मीटरमध्ये पार चौथी गेली.

200 ब्रेस्ट पोहलेल्या कुणालाही हे शेवटचे 50 मीटर समजावून सांगावे लागत नाहीत. मांड्या भरून येतात. ग्लाइड, म्हणजे दोन स्ट्रोकमधलं पाण्यात सरकणं, आखडतो, हात घाई करायला लागतात, स्ट्रोक वाढतात आणि प्रत्येक स्ट्रोकमागे मिळणारं अंतर कमी होत जातं. ब्रेस्टमध्ये सर्वात जास्त जोर किकचा असतो, आणि किकमध्ये पाणी ढकलतं ते बाहेर वळवलेलं पाऊल. त्या सूटनी अंग झाकलं तरी पावलं उघडीच होती. जिने पहिल्या 150 मध्ये पाय राखून ठेवले, तिची किक शेवटी टिकली. हिग्ल मागून येऊन जिंकली ती अशी. माझ्या मते ती शर्यत म्हणजे पेसिंगचा, म्हणजे ताकद शेवटपर्यंत पुरवून वापरण्याचा, धडा आहे, आणि शिकणाऱ्या मुलींना तो दाखवायचा सोडून आपण त्यांना ‘प्लास्टिकचं पदक’ शिकवतोय!

शिवाय या प्रकारात सूटच्या काळातला विक्रम फार टिकलाही नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सोनीने कापडी सूट घालून 2:19.59 वेळ दिली. आता तिच्या या वेळेचं श्रेय कोणत्या प्लास्टिकला द्यायचं?

बाकीचं थोडक्यात. रिकाम्या तलावाची गोष्ट खरी आहे, पण ती टेनिसपटू आना इवानोविचची. बेलग्रेडला हिवाळ्यात पाणी काढलेल्या तलावात कार्पेट टाकून ती टेनिसचा सराव करायची. कुणीतरी दोन सर्बियन मुलींची एक करून टाकली. पाणी नसलेल्या तलावात पोहायचं कसं, एवढा प्रश्नही फॉरवर्ड करताना कोणाला पडला नाही? हिग्लचा जन्म 1987 चा, बेलग्रेडजवळच्या पान्चेवोचा, आणि 1999 मध्ये पान्चेवोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर बॉम्ब पडले हे मात्र खरं. तेव्हा ती 12 वर्षांची होती. ज्या गावाने एवढं सोसलं, त्याच्या नावावर आणखी खोट्या कथा रचायची गरज नाही.

‘तलाव नव्हते’ म्हणे. जलतरणाची पहिलीवहिली जागतिक स्पर्धा 1973 साली भरली ती बेलग्रेडलाच. आणि रोमला सर्बियाचं सुवर्ण हिग्लचं एकटीचं नव्हतं, मिलोराद चाविचने 50 मीटर बटरफ्लाय जिंकली होती.

राहिलं ‘घरी बसली’. रोमइतकं मोठं यश तिला पुन्हा मिळालं नाही, हे बरोबर. पण सूट गेल्यानंतरही ती पोहत राहिली आणि 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये उतरली.

ग्रुपवर मी त्या फायनलचा निकाल टाकला आहे. ज्यांनी फॉरवर्ड पुढे ढकलला त्यांनी हाही पाठवावा, आणि ज्या घरात ब्रेस्ट मारणारी मुलगी आहे तिथे आधी पाठवावा.