आधी स्पॉइलर, मग ब्रेक

तुमची छोटी गाडी आता पंधरा-सोळा वर्षांची झाली. चढावर तिला धाप लागते, सेल्फ मारला की इंजिन आळोखेपिळोखे देत उठतं, सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरतं आणि खड्ड्यातून गेलं की डावीकडच्या पुढच्या चाकातून 'टक्' असा आवाज येतो. अभिनंदन! गाडीवर खर्च करायला याहून चांगला मुहूर्त नाही. पथ्य एकच पाळायचं: या चार तक्रारींचा आणि तुमच्या खर्चाचा एकमेकांशी संबंध येता कामा नये.

श्रीगणेशा एअर फिल्टरने करा. कंपनीचा फिल्टर म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला कागद. त्या डब्याला एक सोंड असते आणि ती बहुधा ग्रिलच्या मागून बाहेरची गार हवा ओढते. हे गबाळं काढून तिथे लाल शंकूसारखा उघडा फिल्टर लावा. आता इंजिन स्वतःच्याच अंगावरून तापलेली हवा आत घेईल. हवा 3 अंशांनी तापली की साधारण एका टक्क्याने विरळ होते, म्हणजे तेवढा प्राणवायू कमी आणि तेवढीच ताकदही कमी. कोंडीत अडकल्यावर बोनेटखालची हवा किती तापते ते हात घालून बघा, म्हणजे हिशेब लागेल. पण हिशेब मांडायचाय कुणाला? अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जो 'भुस्स' आवाज येतो, तोच पिकअप असं धरून चाला. फिल्टर तेल लावायचा असेल तर हात सढळ ठेवा. जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर जाऊन बसतं आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. त्याच्याकडे पुढे येऊच.

सायलेन्सरबद्दल फार सांगत नाही. पाइप जाड, आवाज घोगरा, आणि गाडी निघण्याआधी ती निघणार हे सगळ्या आळीला कळलं पाहिजे.

चाकांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे खरे तिथेच जिरतात. समजा, मूळचे टायर 155/80 आर 13 आहेत (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत). त्यांचा एकूण व्यास 578 मिलिमीटर भरतो. 15 इंची मॅगव्हीलवर, म्हणजे मिश्रधातूच्या चकचकीत चाकावर, 185/55 टायर घेतला तर व्यास 584 च्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ तेवढाच. ही आकडेमोड टायरवर छापलेल्या तीन आकड्यांवरून पाच मिनिटांत होते, म्हणूनच ती करू नका. दिसायला भरदार म्हणून त्याच चाकावर 195/60 घ्या. व्यास 615 वर जातो, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर मडगार्डला घासतो आणि स्पीडोमीटर 80 दाखवत असताना गाडी 85 ने पळत असते. शिवाय प्रत्येक गिअर आपोआप सहा टक्क्यांनी जड होतो, त्यामुळे चढावर लागणारी धाप आता सपाटीलाही लागेल. मॅगव्हील जुनी मिळाली आणि त्यावर टायर 'फुकट' आले तर दुधात साखर. टायरच्या कडेला 'डॉट' अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. तिथे 2314 असेल तर तो टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. तिकडे बघायचं नाही. नक्षी शाबूत आहे ना, झालं तर!

आता एवढी मोठी चाकं उंच गाडीखाली बरी दिसत नाहीत, तेव्हा स्प्रिंग कापा. रीतसर बुटक्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे, हादरे जिरवणारे शॉकअब मिळतात, पण ग्राइंडर घरात असताना कशाला? स्प्रिंगचा एक वेढा कमी झाला की उरलेली स्प्रिंग अधिक ताठ होते आणि शॉकअबला हलायला जागाही कमी उरते. परिणामी रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट तुमच्या मणक्याला भेटायला येतो. यालाच रोड फील म्हणायचं. डावीकडची ती टक्? ती चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या फाटलेल्या रबरी बुशची असेल, नाहीतर ढिल्या झालेल्या वीतभर लिंक रॉडची. मिस्त्री गाडी उचलेल, पहारीने एक हिसडा देईल आणि नेमकं बोट ठेवेल. पण बुश बदलल्याचं शेजाऱ्याला दिसत नाही. ज्याचा फोटो निघत नाही तो पार्ट कशाला आणायचा?

पिवळ्या दिव्यावर या. एक स्वस्त स्कॅनर घ्या, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावा. पी 0171 असा कोड आला की ताबडतोब धुरातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिजन सेन्सर मागवा. त्या कोडचा अर्थ इतकाच की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते आहे. बिचारा सेन्सर खरं बोलल्याबद्दल नोकरीवरून जातो. हवा आत येत असते ती बहुतेकदा एखाद्या तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून. तो बोटाएवढा जाड असतो, इंजिनच्या मागच्या बाजूला असतो आणि वाकवून पाहिल्याशिवाय चीर दिसत नाही. तुम्ही कशाला वाकताय? नवा सेन्सर बसवा, कोड पुसून टाका, दोन दिवस आनंदात घालवा. दिवा पुन्हा लागला की धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर नजर ठेवा. महाग असतो, तेव्हा दोष त्याच्यातच असणार.

हे मी उंटावरून सांगत नाही, स्वतः करून बसलोय. माझ्या गाडीचा सेल्फ कण्हायला लागला तेव्हा आधी बॅटरी बदलली. मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. मग आख्खा सेल्फ मोटरच नवी. गाडी तशीच कण्हत होती, फक्त आता तिच्या पोटात तीन नव्या वस्तू होत्या. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर सगळा वेळ खणात पडून होता. शेवटी कंटाळून तो काढला आणि त्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून घरातल्यांना सेल्फ मारायला सांगितलं. जिथे जेमतेम पाव व्होल्ट दिसायला हवा होता तिथे काटा दोनच्या पुढे. बॅटरीच्या ट्रेखाली एक विणलेली अर्थिंगची पट्टी बोल्टने आवळलेली होती आणि त्या बोल्टवर हिरवी पूड जमली होती. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट परत आवळला. पहिल्याच फटक्याला इंजिन चालू. त्या क्षणी मला आनंद झाला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी सुटे भाग विकत घेतलेले नाहीत. जुना सेल्फ मी तोवर भंगारात घातला होता.

तेव्हा मल्टिमीटर घेऊ नका. इंजिन बंद करून रात्रभर ठेवलेल्या चांगल्या बॅटरीला 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना 14 च्या आसपास, एवढे दोन आकडे कळले की निम्मी हौस तिथेच मरते.

हेडलाइट मंद वाटतात? वायरिंगमध्ये दहा टक्के व्होल्टेज गळालं की हॅलोजन बल्बचा उजेड तीसेक टक्क्यांनी उतरतो. रिले (म्हणजे विजेवर चालणारा स्विच) टाकून बॅटरीपासून जाड वायर ओढली की तोच बल्ब लख्ख लागतो. पण तुम्ही मूळच्याच रिफ्लेक्टरमध्ये निळसर पांढरे बल्ब कोंबा. उजेड रस्ता सोडून सगळीकडे जाईल, समोरच्याच्या डोळ्यात आधी.

राहिले ब्रेक. चाकाआड ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला लाल रंग द्या. मागे ड्रम असतील तर त्यांनाही द्या, ते लाजणार नाहीत. ब्रेक ऑइल मात्र गाडी आली तेव्हाचंच राहू दे. डॉट 4 प्रतीचं ताजं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. तेच हवेतलं पाणी पिऊन बसलं की 155 ला उकळू शकतं. लांबच्या उतारावर पेडल मऊ लागून खाली गेलं तर घाबरू नका, लाल कॅलिपर मागच्या गाडीला छान दिसत असतात.

इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या टायमिंग बेल्टचा विषय काढू नका. तो तुटण्याआधी बोलत नाही, आपणही बोलू नये.

एवढं सगळं करून गाडीचा कंटाळा आला की ती विकायला काढा. जाहिरातीत लिहा, 'हौसेने सांभाळलेली, सगळं काम झालेलं'. गिऱ्हाईक येईल, मॅगव्हीलवरून हात फिरवेल, बोनेट उघडून लाल शंकूकडे थोडा वेळ बघेल आणि विचारेल, मूळचा फिल्टरचा डबा आणि सायलेन्सर ठेवलाय का? हसून विषय बदला. त्याच्या हातात किल्ली द्या, शेजारच्या सीटवर बसा आणि पहिला खड्डा दिसला की म्युझिक सिस्टिमचा आवाज वाढवा.