मागता येणं हाही सद्गुण

अ‍ॅलास्डेर मॅकिन्टायर हे नीतिशास्त्राचे तत्त्वज्ञ मे २०२५ मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दल बोलताना लोक १९८१चं ‘आफ्टर व्हर्च्यू’ काढतात. ते मोठं पुस्तक आहेच. पण मला विचाराल तर त्यांचं खरं धाडस १९९९च्या ‘डिपेंडंट रॅशनल अ‍ॅनिमल्स’मध्ये आहे.

आधी त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचे सद्गुण घेतले होते आणि त्याचं जीवशास्त्र सोडून दिलं होतं. अठरा वर्षांनी स्वच्छ लिहिलं की ते चुकलं. माणूस आधी प्राणी आहे. बालपणी, आजारपणात, म्हातारपणी तो दुसऱ्याच्या आधारावर जगतो. डॉल्फिनसारख्या हुशार प्राण्यांशी आपलं नातं दाखवायलाच ते डॉल्फिनबद्दल इतकं लिहितात. नीतिशास्त्रात आजारी माणूस येतो तो कुणाच्या तरी परोपकारापुरता, ‘आपण’ मात्र कायम धडधाकट! घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की हे किती खरं आहे ते कळतं.

अ‍ॅरिस्टॉटलच्या थोर माणसाला दिलेलं आठवतं, घेतलेलं आठवत नाही. उपकार घ्यायची त्याला लाज वाटते. इथे मॅकिन्टायर त्याची साथ सोडून तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनसकडे जातात. अक्वायनस देवाला म्हणतो, माझ्याकडे आहे ते गरजवंताला आनंदाने देता येऊ दे, आणि मला लागेल ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे नम्रपणे मागता येऊ दे. यातला दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. ऐंशीच्या दशकात कॅथलिक झालेल्या मॅकिन्टायर या जुन्या मार्क्सवाद्याची श्रद्धा आपली असायलाच हवी असं नाही. पण सगळं आपल्याला मिळालेलंच आहे असं मानणाऱ्यालाच ही प्रार्थना सुचते, असं मला मनापासून वाटतं.

नैसर्गिक नियमांबद्दलही, म्हणजे माणसाच्या स्वभावातूनच येणाऱ्या नीतिनियमांबद्दलही, मॅकिन्टायर यांचं म्हणणं पटतं. आपलं भलं कशात आहे हे एकत्र बसून शोधायचं, तर समोरचा मला मारणार नाही, फसवणार नाही, एवढा भरवसा लागतोच. तो नसेल तर चर्चा होत नाही, नुसती दमदाटी होते. आणि ज्यांना बोलताच येत नाही, त्यांच्या वतीने बोलणारं कुणीतरी तिथे हवं.

मतभेद एकच, पण मोठा. असं परस्परांना धरून जगणं आधुनिक राज्यसंस्थेला जमणार नाही, ते लहान स्थानिक समाजातच शक्य आहे, असं ते म्हणतात. लहान समाजही संकुचित होऊ शकतो हे त्यांनी मान्य केलंय. तेवढ्याने माझं समाधान होत नाही. १९४८ साली संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला अज्ञानाची गुहा म्हटलं, ते वाचलेल्याला गावाच्या भरवशावर म्हातारी माणसं सोडवत नाहीत. पेन्शन आणि सरकारी दवाखाना हवाच.