तळघराच्या स्लॅबखालचं प्लास्टिक काढू नका

रत्नागिरीजवळ उतारावर आत्याचं घर बांधायला घेतलंय. मागची बाजू जमिनीत जाते, म्हणून तळघर. काल तिने एक मेसेज पाठवला आणि विचारलं, "गवंडीपण हेच म्हणतोय. प्लास्टिक रद्द करू का?"

मेसेज असा: तळघराच्या फरशीच्या स्लॅबखाली ओल अडवायला प्लास्टिक घातलं की काँक्रीट घुसमटतं. त्याऐवजी 6 इंच वाळू भरा, ती ओल पिऊन टाकते. काँक्रीटमध्ये वॉटरप्रूफिंगची पावडर टाका, काम झालं.

नाही आत्या, मुळीच रद्द करू नकोस.

वाळू ओल पिते, पण प्यायलेलं पाणी जातं कुठे? खाली चार महिने भिजलेली जमीन, वर बारीक रंध्रांचं काँक्रीट. दिव्याच्या वातीतून तेल चढतं, तसं पाणी वाळूतून चढून स्लॅबला भिडतं. मग फरशीच्या सांध्यांतून खार फुटतो, कपाटाच्या पायांना बुरशी धरते. वात तोडायला 20 मिमीची, कच नसलेली खडी लागते, 4 इंच. तिच्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी चढत नाही. वाफ मात्र येते, म्हणून खडीवर प्लास्टिक.

काही जण प्लास्टिक घालून त्यावर वाळू पसरतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची मार्गदर्शिकासुद्धा पूर्वी प्लास्टिकवर भरावाचा थर सांगायची. 2001 मध्ये त्यांनी सल्ला बदलला: वर ओल न सोसणारं आवरण येणार असेल, तर काँक्रीट थेट प्लास्टिकवर ओता. मधल्या थरात पावसाचं पाणी अडकतं आणि नंतर महिनोन्‌महिने वरच येत राहतं.

आणि घुसमटणं? काँक्रीट हवेने नाही, पाण्याने घट्ट होतं. म्हणून तर त्यावर पाणी मारतो.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. प्लास्टिकवरच्या स्लॅबचं पाणी फक्त वरूनच सुटतं, त्यामुळे वरचा भाग आधी आकसतो, कडा उचलतात, कधी तडे जातात. त्यासाठी काँक्रीटमध्ये पाणी कमी घाला आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर स्लॅब किमान 10 दिवस ओला ठेवा. प्लास्टिक काढायचं कारण नाही.

पावडरने काँक्रीट थोडं घट्ट होतं, पण तडा आणि सांधा ती बुजवत नाही.

डोंगराकडून रेटून येणारं पाणी मात्र प्लास्टिकही अडवणार नाही. भिंतीबाहेर खडीचा चर खणून त्यात भोकांचा पाईप टाका आणि त्याचं तोंड उताराकडे काढा. आत्या, गवंड्याला एवढंच सांग: प्लास्टिकचा कागद 250 मायक्रॉनचा, जोडावर 6 इंच एकमेकांवर, वर टेप. आणि सळई बांधताना कुठे फाटला, तर ओतायच्या आधी ठिगळ लावायचं.