‘साउथ जिंकूच शकत नव्हतं’ म्हणणारे ऑगस्ट १८६४ विसरतात

अमेरिकन सिव्हिल वॉरचा (१८६१-६५, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं म्हणजे साउथ, विरुद्ध राष्ट्राध्यक्ष लिंकनचं सरकार म्हणजे नॉर्थ) विषय निघाला की एक ठरलेला युक्तिवाद पुढे येतोच, थोडक्यात असा: नॉर्थकडे २ कोटी २० लाख लोक, साउथकडे ९० लाख. देशातले नव्वद टक्के कारखाने नॉर्थचे, रेल्वे दुपटीहून जास्त, नेव्ही तर सगळीच त्यांची. ब्रिटन मदतीला येणार नव्हतंच. आणि जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची मोठी लढाई हरल्यावर विषयच संपला. म्हणजे साउथ पहिल्या दिवसापासून हरलेलं होतं आणि चार वर्षं लढले ते निव्वळ शौर्यावर.

आकडे बरोबर आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्यातून जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा आहे, आणि नुसता चुकीचा नाही, कोणाच्या तरी सोयीचा आहे.

लोकसंख्येपासून सुरुवात करू. पहिला प्रश्न हा की जिंकणं म्हणजे कोणासाठी काय होतं? नॉर्थला साडेसात लाख चौरस मैलांच्या प्रदेशात आत घुसायचं होतं, तिथली सैन्यं मोडायची होती, नद्या, रेल्वे, शहरं ताब्यात घेऊन ती धरून ठेवायची होती आणि तिथलं सरकार संपवायचं होतं. साउथला यातलं काहीच करायचं नव्हतं. न्यूयॉर्क घ्यायचं नव्हतं, वॉशिंग्टनसुद्धा नाही घेतलं तरी चालणार होतं, फक्त नॉर्थच्या मतदाराला ‘बास झालं आता, जाऊ दे त्यांना’ असं वाटेपर्यंत टिकून राहायचं होतं. बरोबरी सुटली तरी साउथ जिंकलं, नॉर्थला मात्र पूर्ण विजयच लागत होता. आणि हे काही मी आज आरामात बसून काढलेलं लॉजिक नाही, साउथच्या पुढाऱ्यांच्या बाप-आजोबांनी ब्रिटनविरुद्ध नेमकं हेच केलं होतं. ब्रिटिशांनी न्यूयॉर्क घेतलं, फिलाडेल्फिया घेतलं, चार्ल्सटन घेतलं, जॉर्ज वॉशिंग्टन कितीतरी लढाया हरला आणि तरी शेवटी कंटाळलं कोण, तर लंडन. आपल्याला तर हे वेगळं सांगायची गरजच नाही, औरंगजेब १६८१ ला एवढा लवाजमा घेऊन दख्खनेत उतरला आणि १७०७ ला इथेच मेला, माणसं आणि पैसा मोजून निकाल लागत असता तर मराठे संभाजीराजांनंतर संपायला हवे होते.

शिवाय त्या ९० लाखांच्या आकड्यातच ग्यानबाची मेख आहे, पण तिच्याकडे नंतर येतो.

आता कारखाने. सुरुवातीला साउथकडे खरंच फार काही नव्हतं, रिचमंडचा ट्रेडेगर लोखंड कारखाना सोडला तर तोफा ओतेल असं मोठं काही नाही. पण जोसाया गॉर्गास म्हणून त्यांचा शस्त्रास्त्र विभागाचा प्रमुख होता, त्याने काय उभं केलं ते बघा. जॉर्जियात ऑगस्टाला बारूदचा प्रचंड कारखाना, अलाबामात सेल्माला तोफांचा, नॉर्थच्या नेव्हीचा ब्लॉकेड (बंदरांची नाकेबंदी) चुकवून येणाऱ्या जहाजांतून ब्रिटनच्या एनफिल्ड रायफली, आणि रणांगणावर नॉर्थकडून मिळवलेली हत्यारं ती वेगळीच. एप्रिल १८६४ मध्ये त्याने डायरीत लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी आपण साधी बंदूक की पिस्तूल बनवत नव्हतो आणि आज मोठ्या सैन्यांची गरज भागेल एवढं बनवतोय. साउथचा सेनापती रॉबर्ट ली एप्रिल १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्सला शरण गेला तेव्हा त्याचं सैन्य उपाशी होतं, पायात धड बूट नव्हते, पण काडतुसं नाहीत म्हणून साउथ एखादी मोठी लढाई हरलं असं उदाहरण शोधून दाखवा.

उपाशी का होतं हा खरा प्रश्न आहे. शेतीप्रधान देश, आणि एप्रिल १८६३ मध्ये राजधानी रिचमंडमध्ये बायका ब्रेडसाठी दुकानं फोडतात, हे काही नॉर्थच्या कारखान्यांनी केलेलं नाही. रेल्वेचे गेज वेगवेगळे, रेल्वेवाले मालक ऐकत नाहीत आणि सरकार त्यांना हात लावायला कचरतं, जमीनदारांवर वेळेत धड टॅक्स लावला नाही, नोटा छापत बसले, शेवटी शेवटी भाव युद्धाआधीच्या नव्वद पटींच्या आसपास गेले. हा कारभार आहे. वेगळा होऊ शकला असता.

ब्लॉकेडचा मुद्दा मला सगळ्यात गमतीशीर वाटतो. लिंकनने १८६१ च्या एप्रिलमध्ये ब्लॉकेड जाहीर केला तेव्हा साडेतीन हजार मैलांचा किनारा आणि कामावर असलेली जहाजं पन्नाससुद्धा नाहीत, म्हणजे जवळजवळ कागदावरचाच ब्लॉकेड. त्या काळात साउथने काय करायला हवं होतं? असेल तेवढा कापूस युरोपात पाठवून तिथे पत उभी करायची, बंदुका घ्यायच्या. आणि केलं काय? स्वतःच कापूस अडवून धरला! म्हणे ब्रिटनच्या गिरण्या आमच्या कापसावर चालतात, सहा महिने तरसवलं की धावत येतील. पण आधीच्या एक-दोन हंगामांत पीक इतकं आलं होतं की लँकेशायरची गोदामं भरलेली होती, चटका बसला तो १८६२ मध्ये, आणि तोवर नॉर्थची नेव्ही वाढली होती आणि न्यू ऑर्लिन्स त्यांच्या ताब्यात गेलं होतं. मोकळी झालेली जागा इजिप्तने आणि आपल्याकडच्या कापसाने भरली. मुंबईत त्या चार-पाच वर्षांत जो पैसा ओतला गेला, शेअर्सचा जो वेडा बाजार झाला आणि युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये जो आपटला तो याच भानगडीतून. आता तेवढा सगळा कापूस न्यायला जहाजं तरी मिळाली असती का यावर वाद आहे, मान्य. पण प्रयत्नच करायचा नाही, उलट दार आतून लावून घ्यायचं, याला नशिबाचा दोष कसा म्हणणार?

ब्रिटन येणार नव्हतंच या मुद्द्यावर मी थोडा मागे सरकतो. ब्रिटनने सैन्य पाठवून लढाईत उडी घेतली असती असं मलाही वाटत नाही. पण मध्यस्थीची ऑफर ही वेगळी गोष्ट आहे आणि १८६२ च्या सप्टेंबरात पंतप्रधान पामर्स्टन आणि परराष्ट्रमंत्री रसेल यांच्यात तेच बोलणं चालू होतं, लीची मेरीलँडमधली स्वारी कशी जाते ते बघू आणि मग ठरवू. त्या स्वारीत लीच्या हुकमाची एक प्रत, तीन सिगारींना गुंडाळलेली, नॉर्थच्या सैनिकांना शेतात पडलेली सापडली. सैन्य कुठे कुठे विभागलंय ते सगळं त्यात. मग १७ सप्टेंबरला अँटीटमची लढाई, एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांच्या आसपास मेले, जखमी झाले नाहीतर बेपत्ता, ली परत फिरला आणि पाच दिवसांत लिंकनने गुलाममुक्तीची घोषणा केली. गंमत म्हणजे त्यानंतरही ७ ऑक्टोबरला ब्रिटनचा अर्थमंत्री ग्लॅडस्टन न्यूकॅसलला जाहीर भाषणात म्हणून गेला की जेफरसन डेव्हिसने (साउथचा राष्ट्राध्यक्ष) सैन्य बनवलंय, नेव्ही बनवतोय आणि त्याहून मोठं म्हणजे राष्ट्र बनवलंय. येणारच नव्हतं म्हणण्याइतकं दार बंद नव्हतं ते.

आता गेटिसबर्ग, म्हणजे जिथे सगळे थांबतात. गेटिसबर्गनंतर युद्ध एकवीस महिने चाललं राव! ली व्हर्जिनियात परत गेला आणि १८६४ च्या वसंतात तेच सैन्य नॉर्थचा सरसेनापती ग्रँट याच्यासमोर उभं होतं. माझ्या मते गेटिसबर्गपेक्षा दुसऱ्याच दिवशी पडलेलं मिसिसिपीकाठचं विक्सबर्ग जास्त महागात गेलं, सगळं सैन्यच शरण गेलं आणि मिसिसिपी नदी हातची गेली, पण तीसुद्धा शेवटची घंटा नव्हती.

शेवटची संधी आली पुढच्या उन्हाळ्यात. मे १८६४ मध्ये ग्रँट निघाला, विल्डरनेस, स्पॉट्सिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर अशा लढायांमागून लढाया, सहा आठवड्यांत नॉर्थची पन्नास हजारांवर माणसं कामी आली किंवा जखमी झाली आणि हाती काय, तर रिचमंडजवळच्या पीटर्सबर्गसमोर खंदकात बसणं. तिकडे नॉर्थचा दुसरा सेनापती शर्मन जॉर्जियातल्या अटलांटाच्या दिशेने सरकतोय पण शहर पडत नाहीये. जुलैत जुबल अर्ली साउथचं सैन्य घेऊन थेट वॉशिंग्टनच्या वेशीवर, फोर्ट स्टीव्हन्सपर्यंत आला, लिंकन स्वतः तिथे जाऊन गोळीबार बघत उभा होता. ३० जुलैला पीटर्सबर्गला नॉर्थने खाली भुयार खणून सुरुंग उडवला आणि त्याच खड्ड्यात नॉर्थचेच सैनिक अडकून मेले. नॉर्थच्या कागदी डॉलरची किंमत सोन्याच्या तुलनेत युद्धातली सगळ्यात खाली गेलेली. आणि नोव्हेंबरमध्ये निवडणूक.

२२ ऑगस्टला लिंकनच्या स्वतःच्या पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष हेन्री रेमंड त्याला कळवतो की वारं आपल्या विरुद्ध आहे, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना सगळं जातंय. २३ ऑगस्टला लिंकन एक चिठ्ठी लिहितो, की हे सरकार पुन्हा निवडून न येण्याचीच दाट शक्यता दिसतेय, आणि ती घडी घालून, आत काय आहे ते न दाखवता, मंत्र्यांकडून पाठीवर सह्या करून घेतो. आठवड्याभरात विरोधी डेमोक्रॅट्स शिकागोत जनरल मॅक्लेलनला उमेदवार करतात, जाहीरनाम्यात युद्ध थांबवून वाटाघाटी करायची मागणी. म्हणजे ज्या माणसाकडे ते सगळे कारखाने, रेल्वे आणि २ कोटी २० लाख लोक होते त्यालाच वाटत होतं आपण हरतोय, आणि आपण दीडशे वर्षांनी त्याला सांगणार की अरे नाही नाही, तू जिंकणारच होतास, आकडे बघ.

यात डेव्हिसने काय केलं तर १७ जुलैला अटलांटा राखणारा आपला सेनापती जोसेफ जॉन्स्टन काढून जॉन बेल हूड बसवला. जॉन्स्टन मागे मागे येत होता हे खरं, पण सैन्य राखून होता. हूडने नऊ दिवसांत तीन हल्ले केले, तिन्ही फसले, माणसं घालवली आणि २ सप्टेंबरला अटलांटा पडलं. जॉन्स्टनने नोव्हेंबरपर्यंत शहर धरलं असतं का? खात्रीने कोणी सांगू शकत नाही, मला स्वतःला फिफ्टी-फिफ्टी वाटतं. आणि मॅक्लेलन निवडून आला म्हणजे आपोआप स्वातंत्र्य असंही नाही, त्याने सप्टेंबरात स्वतःच सांगून टाकलं होतं की युनियन, म्हणजे एकसंध देश, टिकणं ही पहिली अट, पण ते अटलांटा पडल्यावर. न पडलं असतं तर त्याच्या पक्षाने त्याला तेवढं ताठ राहू दिलं असतं का, आणि एकदा बंदुका थांबल्यावर तीच माणसं परत लढायला कोणी उभी केली असती, यावर विचार करा.

आता ती मेख. ९० लाखांत सुमारे ३५ लाख गुलाम होते. ‘साउथचे ९० लाख’ म्हणताना आपण या ३५ लाखांना न विचारता डेव्हिसच्या बाजूला उभं करतो. सुरुवातीला त्यांच्या सक्तीच्या कामावरच साउथ चाललं, ते शेतात राबले, खंदक खणले म्हणून एवढे गोरे पुरुष आघाडीवर जाऊ शकले. पण मे १८६१ पासूनच, व्हर्जिनियातल्या नॉर्थच्या फोर्ट मन्रो किल्ल्यापासून, नॉर्थचं सैन्य जवळ आलं की लोक मळे सोडून निघायला लागले, आणि युद्ध संपेपर्यंत १ लाख ८० हजारांच्या आसपास काळे सैनिक नॉर्थच्या लष्करात होते, त्यातले बहुतेक गुलामगिरी असलेल्या राज्यांतले. लिंकन ऑगस्ट १८६४ मध्येच म्हणाला होता की हे सैनिक सोडले तर तीन आठवड्यांत युद्ध सोडावं लागेल. गोऱ्यांचीही एकी नव्हती, साउथच्याच राज्यांतले लाखभर गोरे नॉर्थकडून लढले, व्हर्जिनियाचा पश्चिम भाग फुटून वेगळं राज्य झाला. त्यात ऑक्टोबर १८६२ चा कायदा, की वीस गुलाम असतील त्या मळ्यावर एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट, मग गरीब शेतकऱ्याने कशासाठी मरायचं?

जानेवारी १८६४ मध्ये पॅट्रिक क्लेबर्न या साउथच्याच जनरलने सुचवलं की गुलामांना स्वातंत्र्य देऊन सैन्यात घ्या. डेव्हिसने तो कागद दाबून टाकला. वर्षभराने हाच विषय परत आला तेव्हा जॉर्जियाचा पुढारी हॉवेल कॉब म्हणाला की गुलाम चांगले सैनिक होत असतील तर गुलामगिरीबद्दलची आपली सगळी थिअरीच चुकीची आहे. अगदी मोकळेपणाने बोलला माणूस! कायदा झाला १३ मार्च १८६५ ला आणि रिचमंड तीन आठवड्यांत पडलं. म्हणजे माणसं कमी पडत होती तेव्हाही ज्या गोष्टीसाठी युद्ध काढलं ती सोडायची तयारी नव्हती, हा आकड्यांचा पराभव कसा?

आणि ‘आकड्यांनी हरवलं’ हे वाक्य मुळात कोणाचं आहे माहितीये? १० एप्रिल १८६५, शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी लीने आपल्या सैन्याला निरोपाचा जो हुकूम काढला त्यातलं, की प्रचंड संख्या आणि साधनं यांच्यापुढे आपल्याला नमावं लागलं. हरलेल्या, दमलेल्या सैनिकांना सेनापती असंच सांगणार, त्यात गैर काही नाही. पण ‘लॉस्ट कॉज’वाल्यांनी (साउथची बाजू उदात्त होती असं सांगणाऱ्यांनी) पुढे पन्नास-साठ वर्षं हेच घोटून घोटून इतिहास म्हणून खपवलं, कारण यात हूड येत नाही, अडवून ठेवलेला कापूस येत नाही, डेव्हिसने दाबलेला क्लेबर्नचा कागद येत नाही, आणि मळ्यावरून उठून नॉर्थच्या छावणीत चालत गेलेली माणसं तर अजिबातच येत नाहीत.