नवी मुंबईत राहतं कोण? आधी गावठाण मोजा

सेक्टर, टॉवर आणि रुंद रस्ते बघून नवी मुंबईची लोकवस्ती सांगणारे निम्मं शहर सोडून बोलतात.

१९७० मध्ये हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको आलं, ९५ गावांची जमीन घेतली गेली. वीस लाखांचं शहर वसवायचं ठरलं. भातखाचरं आणि मिठागरं गेली ती आगरी, कोळी, कराडी कुटुंबांची. गावठाणं जागेवरच राहिली, त्यांची हद्द मात्र वेळेत वाढवली नाही. १९८४ च्या जानेवारीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यामुळे साडेबारा टक्क्यांची योजना पदरात पडली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत.

आता हिशोब बघा. साडेबारातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले की उरतात पावणेनऊ. म्हणजे एकराला साडेतीन गुंठे. पाच वारस असतील तर प्रत्येकी पाऊण गुंठाही नाही. त्यात वाटप वर्षानुवर्षं रखडलेलं आणि प्लॉट बऱ्याचदा दुसऱ्याच नोडमध्ये, म्हणजे शहराच्या दुसऱ्याच उपनगरात. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, मग जुन्या घराला लागूनच मजले चढले. हीच ती ‘गरजेपोटीची घरं’. शेती गेलेल्या घराला उत्पन्न हवं होतं, म्हणून वरच्या मजल्यांवर भाड्याच्या खोल्या निघाल्या.

त्या खोल्यांत वॉचमन राहतात, घरकामाच्या बाया राहतात, टीटीसी एमआयडीसीतले (ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतले) कंत्राटी कामगार, हॉटेलातली पोरं राहतात. सेक्टरमध्ये डिपॉझिट आणि भाडं परवडत नाही अशांना शहरात जागा दिली ती गावठाणाने. या घरांवर नुसता ‘अनधिकृत’ असा शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं. धोके खरेच आहेत: गल्लीत अग्निशमनची गाडी वळत नाही, भिंतीला भिंत लागून उजेड येत नाही, आणि मलवाहिनी टाकली तेव्हाच्या वस्तीपेक्षा आजची वस्ती कितीतरी जास्त आहे. त्यावर उपाय आधी लाइन मोठी करणं हा आहे, बुलडोझर नंतरची गोष्ट.

माथाडींची, म्हणजे बाजारात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांची गोष्ट वेगळी. मुंबईचे घाऊक बाजार वाशीत हलले, त्यांच्या मागोमाग सातारा-सांगलीकडची कुटुंबं कोपरखैरणे, घणसोलीत स्थिरावली. त्यांना निदान माथाडींसाठीची घरं मिळाली.

२०२७ ची जनगणना येते आहे. प्रगणक सकाळी गेला तर रात्रपाळीचा माणूस झोपलेला, दुपारी गेला तर दाराला कुलूप. एका मीटरवर दहा खोल्या असतात आणि यादीत एकच घर चढतं. मालकही भाडोत्री सांगायला कचरतो, घरपट्टी वाढेल किंवा कारवाई होईल या भीतीने. म्हणून गावठाणाचे गणना गट सेक्टरपासून वेगळे पाडा, मजल्यानुसार दारं मोजा, चूल वेगळी तर कुटुंब वेगळं धरा, फेरी रात्री आठनंतर ठेवा. दिवाळे, करावे, तळवली, गोठिवली इथल्या स्थानिक शिक्षिकांना हे काम दिलंत तर दारं उघडतील. शाळा, दवाखाना, पाणी यांचं नियोजन याच आकड्यावर व्हायचं आहे.